उलटली तर पुन्हा उठेल का?

हंपीला गेलेल्या प्रत्येकाने तुंगभद्रेतला हरिगोलू पाहिला असेल. बांबूच्या कामट्यांची, टोपलीसारखी वाटोळी, सपाट बुडाची ती नाव. आणि तंजावरची डोलणारी बाहुली तर आपल्याकडे कितीतरी घरांच्या शोकेसमध्ये बसलेली असते. या दोन वस्तू शेजारी शेजारी ठेवून विचार केला, तर समुद्रात दूरवर जाणाऱ्या लहान शिडाच्या होडीची निम्मी विद्या समजते.

हरिगोलू रुंद आणि उथळ. त्यात पाऊल टाकले तर तो फारसा कलत नाही, म्हणून पर्यटकांना निर्धास्त वाटते. पण एकदा का तो पालथा झाला, की पालथाच राहतो. बाहुलीचे नेमके उलटे. नुसते बोट लावले तरी ती डुलते, पण तिचे डोके टेबलाला टेकवून सोडले तरी ती उठून बसते. तिच्या बुडात वजन आहे. पहिलीला आधार रुंदीचा, दुसरीला आधार तळाच्या वजनाचा. शिडाच्या होडीची आखणी करणारा माणूस आयुष्यभर या दोन आधारांची वाटणी करत असतो.

समुद्र नसलेल्या बेळगावातल्या माणसाने या भानगडीत पडण्याचे कारण अगदी घरगुती आहे. माझी पुतणी आणि तिचा नवरा नोकरीनिमित्त इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर राहतात. जावई धारवाडचे, घरात कानडी-मराठी दोन्ही. त्यांना एक आठ वर्षांचा मुलगा आणि एक पाच वर्षांची मुलगी. दोघांनी शिडाच्या होडीचे रीतसर शिक्षण घेतले आणि जुनी का होईना, स्वतःची होडी घ्यायचे ठरवले. पुढे कधीतरी मुलांना घेऊन बिस्केचा उपसागर ओलांडून स्पेनपर्यंत जायचे, असा बेत. हे कळल्यावर टिळकवाडीतल्या वहिनींची झोप उडाली. धारवाडच्या विहीणबाईंनी तर फोनवर मला सरळच विचारले, "दोणी मुळुगतैतेनरी?" म्हणजे, होडी बुडते का हो? आणि मी उत्तर शोधतोय तोवर दुसरा प्रश्न, "बिद्द म्याल एळतैतेनरी?" पडल्यावर उठते का?

माझे आयुष्य उद्यमबागेत फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न बनवण्यात गेले. समुद्राशी संबंध मिरामारच्या वाळूपुरता. पण विहीणबाईंचा दुसरा प्रश्न इतका नेमका होता, की त्याचे उत्तर मिळवल्याशिवाय चैन पडेना. पुतणीने पुस्तके पाठवली, आकडे पाठवले, आणि मागच्या उन्हाळ्यात मी स्वतः तिथे जाऊन आलो. जे समजले ते आपल्या वाचकांसाठी मांडतो. आज सीमाभागातल्या कितीतरी घरांतील मुले परदेशात आहेत. उद्या असाच फोन तुमच्या घरीही येऊ शकतो.

पॅटर्न, साचा आणि काचेचे कापड

फायबरची होडी म्हटली की आपल्याला गच्चीवरची पाण्याची टाकी आठवते. नाते खरेच जवळचे आहे. काचेचे बारीक तंतू आणि त्यांना घट्ट धरून ठेवणारे रेझिन, एवढाच तो संसार. बेळगावच्या वाचकांना त्याची रीत समजावणे सोपे आहे. फौंड्रीत आधी लाकडाचा पॅटर्न होतो, त्यावरून वाळूचा साचा घेतात आणि साच्यात धातू ओततात. फायबरच्या होडीतही आधी पूर्ण आकाराची एक नमुना होडी बनवतात, तिला आरशासारखी घासून काढतात आणि तिच्यावरून फायबरचाच साचा घेतात. फरक इतकाच, की वाळूचा साचा दर वेळी मोडावा लागतो, हा साचा शेकडो वेळा वापरता येतो. म्हणून नमुन्यात राहिलेला बारीकसा उंचवटाही पुढच्या प्रत्येक होडीत उतरतो. पॅटर्नवाल्याची जबाबदारी तीच.

काम बाहेरून आत चालते. साच्याला मेण लावायचे, त्यावर जेलकोटचा रंगीत थर, मग काचेच्या तुकड्यांची मॅट, मग विणलेले जाड रोव्हिंग, पुन्हा मॅट. प्रत्येक थरात रेझिन मुरवून रोलरने हवेचे बुडबुडे काढायचे. राहिलेला बुडबुडा म्हणजे कास्टिंगमधला ब्लो होलच.

अमेरिकेत रे ग्रीन यांनी १९४२ साली पॉलिएस्टर रेझिन आणि काचतंतू वापरून होडी बांधली. पण फायबरने शिडाची होडी मध्यमवर्गीयांच्या दारात आणली ती १९५९ नंतर. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या बोट प्रदर्शनात कार्ल आल्बर्ग यांनी आखलेली, पिअर्सन बंधूंच्या कारखान्यातली २८ फुटी ‘ट्रायटन’ आली. तिची किंमत दहा हजार डॉलरच्या आत होती आणि पुढे अशा सातशेच्या आसपास होड्या बनल्या. लाकडी होडीला दर वर्षी फटी बुजवणे, फळ्या बदलणे, कीड पाहणे हे सारे करावे लागे. फायबरला ते नको. सुरुवातीच्या कारखानदारांचा या नव्या मालावर पुरता विश्वास नव्हता, म्हणून त्यांनी थर सढळ हाताने दिले. परिणाम असा, की साठ-सत्तरच्या दशकांतल्या अनेक होड्या आजही पाण्यावर आहेत.

बत्तीस फुटांचे गणित

पुतणीच्या यादीत दोन होड्या होत्या. एक नवी, रुंद, ऐसपैस. दुसरी ‘कॉन्टेसा ३२’. ही होडी डेव्हिड सॅडलर यांनी आखली आणि इंग्लंडच्या लिमिंग्टन गावात जेरेमी रॉजर्स यांच्या कारखान्यात १९७१ पासून ती बांधली जाऊ लागली. १९७२ च्या लंडन बोट प्रदर्शनात तिला त्या वर्षीची सर्वोत्तम होडी ठरवण्यात आले, आणि पुढे अशा सातशेहून अधिक होड्या तयार झाल्या. तिचे आकडे मी वहीत उतरवून घेतले, कारण सारी गोष्ट त्या आकड्यांत आहे.

लांबी ३२ फूट. पण पाण्याच्या रेषेवर मोजली तर फक्त २४ फूट, कारण पुढची-मागची टोके पाण्याबाहेर झुकलेली. रुंदी साडेनऊ फूट, म्हणजे २.९ मीटर. पाण्याखाली खोली साडेपाच फूट. एकूण वजन सुमारे ४,३०० किलो आणि त्यातले २,००० किलोंहून थोडे अधिक केवळ तळाच्या पात्यात. म्हणजे जवळपास निम्मे वजन सर्वांत खाली. तंजावरची बाहुली ती हीच.

या तळाच्या पात्याला ‘किल’ म्हणतात. त्याला दोन कामे. वारा शिडावर बाजूने आदळतो तेव्हा होडी खेकड्यासारखी आडवी सरकू लागते. पाण्यात खोल गेलेले पाते तिला अडवते, म्हणून होडी पुढे जाते. हे झाले पहिले काम. दुसरे काम वजनाचे. वारा होडीला कलवतो, ती जितकी कलते तितके पाते एका बाजूला उचलले जाते, आणि उचललेले वजन तिला परत सरळ करू पाहते. तराजूचाच न्याय.

किलचे वजन बिडाचे किंवा शिशाचे असते. शिशाची घनता ११.३, बिडाची ७.२ च्या आसपास. म्हणजे तेवढेच वजन शिशात केले तर जागा जवळजवळ दोन-तृतीयांशच लागते आणि भार आणखी खाली ठेवता येतो. पण शिसे महाग. फौंड्रीतल्या माणसाला हा हिशोब वेगळा सांगायला नको.

किलच्या आकारातही देवाणघेवाण आहे. जुन्या होड्यांत ती पुढून मागेपर्यंत लांब असे आणि सुकाणू तिच्याच मागच्या कडेला टांगलेले. अशी होडी सरळ रेषेत शांतपणे चालते, सुकाणूला संरक्षण मिळते, पण बंदरात वळवताना म्हशीसारखी हट्टी. शर्यतीच्या होड्यांत किल अरुंद व खोल झाली आणि सुकाणू सुटे झाले. चपळाई आली, पण सुकाणू उघडे पडले. सॅडलर यांनी मधला मार्ग काढला. किल आखूड ठेवली आणि सुकाणूच्या पुढे त्याला धरून ठेवणारा एक मजबूत पंखा दिला. शिवाय किलचे कवच होडीच्या अंगासोबतच साच्यात घडवलेले, वजन त्याच्या आत. बोल्टने बाहेरून जोडलेल्या किलचेही फायदे आहेत, पण तो जोड नीट तपासत राहावा लागतो. २०१४ च्या मे महिन्यात अटलांटिकमध्ये ‘चीकी रफिकी’ नावाच्या होडीची किल निखळली आणि तिच्यावरचे चारही खलाशी गेले.

आता वेग. होडी पाणी कापताना स्वतःची एक लाट तयार करते आणि त्या लाटेच्या बाहेर तिला सहजी पडता येत नाही. पाण्याच्या रेषेवरची लांबी जितकी जास्त, तितका वेग जास्त. २४ फुटांना तो साडेसहा नॉटच्या आसपास येतो, म्हणजे ताशी १२ किलोमीटर. सायकलचा वेग. या वेगाने बेळगावहून धारवाडला जायला सहा-साडेसहा तास लागतील. म्हणूनच लहान होडीला वादळाच्या पुढे पळून जाणे जमत नाही. अंदाज ऐकून बंदरात थांबायचे, नाहीतर जे येईल ते सोसायचे. आणि सोसायचे म्हटले की विहीणबाईंचा प्रश्न पुन्हा पुढे येतो.

ऑगस्ट १९७९

या प्रश्नाचे उत्तर १९७९ साली फार मोठी किंमत देऊन मिळाले. इंग्लंडमधल्या काउझपासून आयर्लंडच्या दक्षिणेकडील फास्टनेट खडकाला वळसा घालून प्लिमथला परत यायचे, अशी सुमारे सहाशे सागरी मैलांची ही शर्यत. ११ ऑगस्टला ३०३ होड्या निघाल्या. १३ आणि १४ ऑगस्टच्या रात्री भयंकर वादळ आले. शर्यत पूर्ण केली फक्त ८५ होड्यांनी. १५ स्पर्धकांचा मृत्यू झाला. अनेक होड्या आडव्या झाल्या, कित्येक पूर्ण उलटल्या.

नंतर रीतसर चौकशी झाली. सर्वांत लहान होड्यांचा गट पाचवा. त्यात ५८ होड्या निघाल्या होत्या आणि एकच पोचली. ती होती ‘असेंट’ नावाची कॉन्टेसा ३२.

याला निव्वळ नशीब म्हणता येईल का? खलाशांचे कौशल्य होतेच. पण चौकशीत होड्यांच्या स्थिरतेची तुलना झाली आणि एक आकडा सर्वांच्या तोंडी बसला. होडी किती अंशांपर्यंत कलली तरी आपणहून उठते, हा तो आकडा. ९० अंश म्हणजे डोलकाठी पाण्यावर आडवी. १८० म्हणजे पूर्ण पालथी. कॉन्टेसाचा हा कोन सुमारे १५५ अंश. त्या काळच्या रुंद, हलक्या, शर्यतीचे नियम डोळ्यांपुढे ठेवून आखलेल्या काही होड्यांचा तो १२० च्या आसपास होता.

३५ अंशांनी एवढा काय फरक पडणार, असे वाटेल. हिशोब करून पाहा. १५५ वाली होडी पूर्ण पालथी झाली, तर त्या स्थितीत तिला दोन्ही बाजूंना फक्त २५ अंशांची जागा आहे. पुढच्या लाटेने एवढे हलवले की ती फिरून सरळ. १२० वालीला पालथे राहायला दोन्हीकडे साठ-साठ अंश. ती हरिगोलूसारखी निवांत पालथी पडू शकते, आणि माणसे आत किंवा खाली. एखादी मोठी लाट तिला फिरवेपर्यंत मिनिटे जातात, आणि तेवढा वेळ श्वास थांबवता येत नाही.

आणखी एक गोष्ट त्या चौकशीत दिसली. २४ होड्या खलाशांनी सोडून दिल्या. त्यांतल्या १९ नंतर तरंगत्या सापडल्या, पाचच गेल्या. रबरी तराफ्यात उतरलेल्या काही लोकांचा मात्र जीव गेला. तेव्हापासून एक नियम सांगितला जातो, की तराफ्यात चढायचे ते पाय वर उचलून, म्हणजे होडी खरोखर पायाखालून जात असेल तेव्हाच. होडीच्या दारातल्या सरकत्या फळ्याही तेव्हा चर्चेत आल्या. होडी उलटताच त्या गळून पडत आणि पाणी आत घुसे. आता त्या फळ्यांना आतून-बाहेरून लागणारी कडी असावी असे पाहतात. एवढीशी कडी, पण आखणीत ती किलइतकीच महत्त्वाची.

युरोपात १९९८ पासून विक्रीसाठी येणाऱ्या नव्या होड्यांना खुला महासागर, दूरचा समुद्र, किनारा आणि आडोशाचे पाणी असे चार वर्ग सक्तीचे झाले. महासागराच्या ‘ए’ वर्गात हा उठण्याचा कोन किमान १०० अंश लागतो, आणि होडी जितकी हलकी तितकी अट कडक. सव्वाचार टनांच्या होडीला ती १२१ अंशांच्या आसपास येते. जुन्या होड्यांना हा शिक्का नाही, त्यांचे मूल्यमापन आकड्यांवरून आणि इतिहासावरूनच करावे लागते.

गोव्याशी नाते

हे सगळे दूरचे वाटत असेल, तर आपल्या शेजारी या. खानापूर तालुक्याच्या रानात उगम पावणारी म्हादई गोव्यात मांडवी होते. त्या नदीचेच नाव दिलेली, भारतीय नौदलाची ५६ फुटी शिडाची नौका ‘म्हादई’ दिवाडी बेटावरच्या अक्वेरियस शिपयार्डमध्ये रत्नाकर दांडेकर यांनी बांधली. आखणी नेदरलँड्सच्या व्हॅन डी स्टॅट यांची, बांधणी लाकडी पट्ट्यांवर काचेचे कापड आणि इपॉक्सी अशी. ती २००९ मध्ये नौदलात आली. तिच्यातूनच दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये कुठेही न थांबता.

आमच्या विषयाला जास्त जवळची मात्र त्याच यार्डातली दुसरी होडी, ‘थुरिया’. ती ३२ फुटी. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांनी ज्या ‘सुहैली’तून १९६८-६९ मध्ये एकट्याने, न थांबता पहिली पृथ्वीप्रदक्षिणा केली, ती सुहैली मुंबईत सागवानात बांधलेली होती. थुरिया तिचीच प्रतिकृती. २०१८ च्या गोल्डन ग्लोब शर्यतीत अभिलाष टॉमी ती घेऊन निघाले. २१ सप्टेंबरला दक्षिण हिंदी महासागरात वादळाने थुरियाला पूर्ण गोल फिरवले. डोलकाठ्या मोडल्या, टॉमींच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. पण होडी पुन्हा सरळ झाली आणि तरंगत राहिली. ते आत पडून राहू शकले, आणि २४ सप्टेंबरला ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना उचलले.

हेच टॉमी बरे होऊन २०२२ च्या शर्यतीत परत गेले, या वेळी ‘बयानात’ ही फायबरची रस्लर ३६ घेऊन. लांब किल, तळात भरपूर वजन. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने पोचले. पहिल्या आल्या त्या दक्षिण आफ्रिकेच्या कर्स्टन नॉयशेफर, त्यांचीही होडी ३६ फुटी आणि लांब किलची. वहिनींना मी ही हकीकत सांगितली तेव्हा त्या इतकेच म्हणाल्या, "भावोजी, म्हणजे पडायचंच नाही असं काही नाही, उठता आलं पाहिजे." मला त्यापेक्षा चांगले सांगता आले नसते.

संसार साडेनऊ फुटांत

आता आतला संसार पाहू, कारण कुटुंबाने राहायचे तर प्रश्न फक्त वादळाचा नाही. जावयांचा ओढा नव्या, रुंद होडीकडे होता, आणि त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आजच्या ३२ फुटी होडीची रुंदी सव्वातीन ते साडेतीन मीटर असते, आणि ती रुंदी मागच्या टोकापर्यंत तशीच जाते. त्यामुळे दोन स्वतंत्र खोल्या, गरम पाण्याचे न्हाणीघर, मोठ्या खिडक्या, मुलांना खेळायला जागा. बंदरात उभी असताना ती घरच वाटते. कॉन्टेसा आत अरुंद. बाजू पाण्यापासून फार उंच नाहीत, म्हणून चालताना लाटांचे तुषार सारखे अंगावर.

पण चालत्या होडीत जागेचा अर्थ बदलतो. सारे घर वीस अंश कललेले असताना मोठी मोकळी खोली धोक्याची, कारण पडणारा माणूस लांबवर फेकला जातो. अरुंद खोलीत हात टाकावा तिथे धरायला दांडी. स्वयंपाकाचा कोपरा दाराजवळ, कारण तिथे हेलकावे कमी आणि हवा ताजी. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली. होडी कलली तरी पातेले सपाट. स्वयंपाक करणाऱ्याच्या कंबरेला पट्टा, म्हणजे दोन्ही हात मोकळे. झोपायच्या बाकाला कापडी आडोसा, पाळण्याच्या कठड्यासारखा. वहिनींनी फोटो पाहून पहिला प्रश्न विचारला तो शेगडीच्या टांगणीचाच. आखणाऱ्याला स्वयंपाक येत होता की नाही, ते तिथेच कळते म्हणाल्या.

दोन्ही होड्यांच्या मधे निवड कशावर करायची? कुठे जायचे आहे, यावर. रुंद होडी वाईट नव्हे. दिवसा किनाऱ्याने जाऊन रात्री बंदरात परतणाऱ्या कुटुंबाला तीच सोयीची, आणि तिच्या आखणाऱ्यानेही आपले गणित केलेलेच असते. पण यांना बिस्के ओलांडायचा होता, आणि खिशाला परवडेल ते हवे होते. एक सोपे सूत्र पुतणीने दाखवले. होडीचे वजन पौंडांत घेऊन त्याला ६४ ने भागायचे, त्याचे घनमूळ काढायचे, आणि फुटांतल्या रुंदीला त्याने भागायचे. उत्तर दोनच्या आत आले तर दूरच्या समुद्रासाठी विचार करावा. कॉन्टेसाचे वजन ९,५०० पौंड, रुंदी ९.५ फूट. उत्तर १.७९. या सूत्रात किलचे वजन येत नाही, म्हणून ते चाळणीपुरतेच. पण चाळणीने खडे तर निघतात.

यार्डातली हातोडी

शेवटी कागदावरची आखणी एक, आणि चाळीस-पन्नास वर्षे खारे पाणी प्यालेली प्रत्यक्ष होडी दुसरी. मी तिथे असताना एका नदीकाठच्या यार्डात ती लाकडी टेक्यांवर उभी होती. तपासणीसाने लहान प्लॅस्टिकच्या हातोडीने अंग ठोकत ठोकत फेरी मारली. मला एकदम फौंड्रीचे अंगण आठवले. आपल्याकडेही कास्टिंग टांगून हातोडीने वाजवतात. नितळ आवाज म्हणजे अखंड, बद्द आवाज म्हणजे आत तडा. फायबरचेही तेच. थर सुटले असतील तर आवाज मेलेला येतो.

होडीचे अंग पुढून मागेपर्यंत नितळ वाजले. जेलकोटखाली पाणी मुरून येणारे फोड थोडे होते, तेही वरवरचे. डेकवर मात्र कठड्याच्या दोन खांबांपाशी आवाज बद्द आला. अशा अनेक होड्यांत वजन वाचवण्यासाठी डेकच्या दोन थरांमध्ये बाल्सा लाकूड भरतात. खांबाच्या स्क्रूभोवतीची लांबी सुकली की पाणी आत शिरते आणि बाल्सा कुजते. दुरुस्ती होते, पण तो भाग उघडून कोरडा करून पुन्हा भरावा लागतो. डोलकाठीला धरणाऱ्या तारा जुन्या होत्या. त्या वरून चकचकीत दिसतात, पण टोकाच्या जोडात आतून थकतात. तपासणीसाने सगळ्या बदलायला सांगितल्या. पाणी आत-बाहेर करणारे तळाचे व्हॉल्वही.

हे तिन्ही खर्च किमतीतून वजा करून सौदा झाला. जावयांनी न्हाणीघराचा हट्ट सोडला. त्याच्या बदल्यात पुतणीने स्पेनचा बेत पुढे ढकलला, दोन उन्हाळे फक्त किनाऱ्याने आणि त्यानंतर बिस्के. मुलगा आणि मुलगी पुढच्या त्रिकोणी खोलीत झोपतात, अडचणीत पण खुशीत. विहीणबाईंना मी कानडीत कळवले, दोणी मुळुगू शकते, कारण भोक पडले तर कुठलीही होडी बुडते. पण पडली तर उठते. त्यांनी थोडा विचार करून विचारले, "हुडुगरु?" म्हणजे, आणि मुले? मग मी हार्नेस, लाइफ जॅकेट आणि बाकाच्या कापडी आडोशाबद्दल सांगितले. होडी उठली तरी माणूस तिला जोडलेला असला पाहिजे.

कोणत्या गोष्टी विचाराव्यात

तुमच्या घरातले कोणी असा बेत सांगू लागले, तर घाबरून नको म्हणण्यापेक्षा चार गोष्टी विचाराव्यात, असे मला वाटते. एक, जायचे कुठे, किनाऱ्याने की खुल्या समुद्रात? दोन, एकूण वजनातले किती वजन किलमध्ये आणि उठण्याचा कोन किती? हे सांगता येत नसेल तर अभ्यास झालेला नाही. तीन, किल कशी जोडली आहे आणि डोलकाठीच्या तारा कधी बदलल्या? चार, दाराच्या फळ्यांना कडी आहे का, आणि प्रत्येकाच्या अंगावर होडीला बांधून ठेवणारा पट्टा राहणार का? उत्तरे नीट मिळाली तर निम्मी काळजी कमी होते. उरलेली निम्मी आईवडिलांकडे राहणारच.

आणि घरातल्या लहान मुलांना आवड वाटली तर परदेशात जाण्याची गरज नाही. गोव्यात, मुंबईत, हैदराबादच्या हुसेनसागरावर मुले ‘ऑप्टिमिस्ट’ नावाच्या पावणेआठ फुटी होडीवर शिकतात. क्लार्क मिल्स यांनी १९४७ मध्ये फ्लोरिडात ती मुलांसाठीच आखली, आणि आज ती बहुतेक फायबरचीच असते. तिला वजनाची किल नाही, म्हणून ती आपणहून उठत नाही. मुलांना तिथे सुरुवातीलाच जो धडा देतात, तो होडी मुद्दाम पालथी करण्याचा. मग तिच्या मधल्या पात्यावर उभे राहून, स्वतःच्या वजनाने तिला परत सरळ करायचे.